गोठ्याची माती

आमच्या घरात केर बाहेर टाकत न्हाईत. लग्न होऊन आले त्या दिवशी सासूनं पहिलं हेच सांगितलं.

आमचा धंदा गलाईचा. सोनारांच्या दुकानातली झाडलोट, भट्टीची राख, फुटक्या मुशी, हात पुसलेली फडकी, असलं सगळं आणायचं, जाळायचं, कुटायचं, धुवायचं, आन् त्यातून सोन्याचा कण काढायचा. आमच्या सांगलीकडच्या गावांतली निम्मी माणसं याच धंद्यापायी मुलूखभर गेली. आम्ही मद्रासला आलो. आता चेन्नई म्हणतात. मी आले तेव्हा अठरा वर्षांची होते, शाळा चौथीपर्यंत. आता बहात्तर असंन, न्हाईतर त्र्याहत्तर.

केर टाकायचा न्हाई, का तर त्यात सोनं असतं. काम संपलं की पाय टपात धुवायचे आन् ते पाणी ओतायचं न्हाई, गाळ बसू द्यायचा. जागा सोडून जायची झाली, तर तिथली जमीन हातभर खणून माती संगट न्यायची. चार वर्षं ज्या जमिनीवर काम केलं ती जमीन सोनं पिऊन बसलेली असते. ही आमची रीत. माती काढली की खड्डा मुरूम घालून भरायचा, धुमसायचा, वरनं शेणानं सारवायचा, मगच किल्ली धन्याच्या हातात द्यायची. हीपण रीतच. पहिली आम्ही पाळली. दुसरी न्हाई पाळली. तेच सांगायला बसले.

माझी नात गुम्मिडिपूंडीला गाड्यांचे भाग करायच्या कारखान्यात इंजिनेर हाय. मराठी बोलते, पर मधेच तमिळवर घसरते, आन् राग आला की इंग्रजीवर. पोंगलच्या आधीचा एक रविवार होता. मी लसूण सोलत बसलेली. ती फोन घेऊन आली.

"आज्जी, हे बघ. आमच्या कंपनीच्या मागं जंगल आहे ना, त्याच्या आत केवढा बंगला आहे! झाडांनी गिळलाय नुसता. ऑफिसातली सगळी फोटो काढायला जातात. भुताचा बंगला म्हणतात."

"कुणाचं भूत?"

"एका म्हातारीचं. बंगल्याची राखण करायची म्हणे. आन् राखण करता करता तिनंच गुप्तधनासाठी भिंती खणल्या. चोरटी होती. अजून खणते, कुदळीचा आवाज येतो. सूपर ना?"

"तुमच्या ऑफिसात कामं न्हाईत काय?" म्हणलं मी, आन् हसत हसत फोन हातात घेतला. चष्मा लावला. पायऱ्या, खांब, वडाच्या मुळ्या. असले बंगले लई असतात. पुढचा फोटो विहिरीचा. विहिरीशेजारी दगडी डोण, गुरांना पाणी पाजायची, लांबलचक. तिचा एक कोपरा फुटलेला.

तो कोपरा आमच्या कारभाऱ्यांच्या हातनं फुटलेला. मातीची भरलेली लोखंडी घमेली हातातनं निसटली आन् कोपऱ्यावर पडली. त्या डोणीत मी चार वर्षं माती धुतली. तिच्या आतल्या बाजूला हात घासून घासून माझ्या बोटांची कातडी जायची.

"ती म्हातारी चोर न्हाई," मी म्हणलं.

"कोणती म्हातारी?"

"मला तिथं घेऊन चल."

"आज्जी, आत काटे आहेत, चालायला लागतं. तुझे गुडघे..."

"गुडघे माझे हायत. माझं मी बघते."

आम्ही मद्रासला आलो तेव्हा साहुकारपेठेत एका खोलीत राहायचो. तिथं प्यायला पाणी मिळायची मारामार, आन् माती धुवायला तर पाणी गाडीनं लागतं. तेजाबाच्या धुरानं शेजारपाजारची भांडायला यायची. कुणी तरी सोनार म्हणला, तिकडं गुम्मिडिपूंडीच्या अंगाला एक मोठी बाग हाय, आत बंगला, धनी परदेशात, नुसती एक बाई राखायला असते. विहीर मोठी हाय, विचारून बघा. तिथं तेव्हा कारखाना कसला न्हाई. ताडाची बनं, काजू, चिंचा, आन् मधे ती बाग.

आम्ही दोघं गेलो. फाटकात ती उभी. नऊवारी नेसलेली, पर आमच्यासारखी न्हाई, वेगळीच नेसलेली. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. वय असंल पंचावन्न-साठ. कारभारी मोडक्या तमिळमधनं पाणी पाणी करत हातवारे करायला लागले. ती नुसती बघत राहिली. मग ते माझ्याकडं वळून हळूच म्हणले, "ही म्हातारी काय देत न्हाई, चल."

तर ती म्हणली, "देणार नाही म्हणून कोण सांगटलं तुला?"

आम्ही दोघं दगड झालो.

तिचं मराठी तसंच होतं, जसं मला आठवतं तसं सांगते. जुनं, आन् सूर तमिळचा. तिची माणसं तंजावूरची, राजांच्या वेळेपासनं तिकडंच. घरात मराठीच बोलायचे. नवरा बंगल्यात कारकुनी करायचा. तो गेला, मूलबाळ न्हाई, ती राखायला राहिली. धनी वर्षाकाठी एकदा माणूस पाठवायचे, तांदूळ आन् दोन लुगडी घेऊन. नवरा गेल्यापासनं मराठी बोलायला तिला कुणी नव्हतं. अकरा वर्षं.

कारभाऱ्यांनी भाड्याचं विचारलं. ती म्हणली, "भाडं नोको. ही पोर रोज संध्याकाळी येवून घटकाभर माझ्याशी बोलूं दे. तेवढंच."

गोठा रिकामा पडलेला. तो तिनं आम्हाला दिला. धन्यांना विचारलं न्हाई. विचारलं असतं तर त्यांनी दिला नसता, हे तिलापण ठाऊक आन् आम्हालापण. बागेत गावातलं कुणी येत नसायचं, आन् धन्यांचा माणूस यायचा त्या दिवशी आम्ही भट्टी विझवून, गोठ्याला कुलूप लावून निघून जायचो. तिची खोली गोठ्याला लागून. मधे एक भिंत. इकडं आमची भट्टी, तिकडं तिची खाट.

"त्रास हुईल आक्का," मी म्हणायची. मी तिला आक्काच म्हणायची. "धूर, ठोकाठोकी."

"होवूं दे गे. तुमची भट्टी माझी भिंत ऊन करते. पाठीला बरं."

मी अठराची, गावाकडनं आलेली, तमिळचा एक शब्द येत न्हाई, दिवसभर माती आन् पाणी. ती संध्याकाळी मला बोलवायची. तिच्या उंबऱ्यावर बसायचं. ती तांदूळ निवडायची आन् बोलायची, मी ऐकायची.

"तू मराठी बोलतेस की भांडतेस?" ती विचारायची.

"आन् तुमचं मराठी कीर्तनातल्या बुवासारखं."

"बुवा तरी शाहणा असतो."

मी तिला भाकरी करून घातली. तिनं बोटानं वाजवून बघितली आन् म्हणली, "ही खावूं की हिच्यावर वाढूं?" पर खाल्ली. पुढं रोज एक मागून घ्यायची. मला तमिळ तिनं शिकवलं. बसमधे चढल्यावर काय बोलायचं, बाजारात कसं घासाघीस करायची, दारात रांगोळी कशी ओढायची, सगळं तिनं. माझी पहिली दोन पोटातच गेली, तेव्हा दोन्ही वेळा माझ्याजवळ तीच होती. रडू दिलं न्हाई, जवळ बसली, पेज पाजली. त्यावर जास्ती बोलत न्हाई मी.

चार वर्षं. मग साहुकारपेठेत नळाची जागा मिळाली, विजेचा दिवा असलेली. मला तिसऱ्या खेपेचा पाचवा महिना लागलेला. आम्ही निघालो ते दिवाळीच्या आधी. हिकडं पाऊस दिवाळीच्या पुढंमागंच कोसळतो. महिन्याभरानं नारळ विकणारा एक माणूस म्हणला, त्या बागेतली भिंत पडली म्हणे पावसात. कुठली भिंत, कुणाच्या अंगावर, काय ते त्याला ठाऊक नव्हतं. मी कारभाऱ्यांना म्हणलं, बघून या. ते म्हणले, बघतो. गेले न्हाईत. मी दुसऱ्यांदा म्हणलं न्हाई.

मला तमिळ येत होतं. बस ठाऊक होती. कुणी बांधून घातलं नव्हतं. तरी पन्नास वर्षं मी गेले न्हाई. का, तर गेले असते म्हणजे बघावं लागलं असतं.

तर त्या रविवारानंतरच्या रविवारी नातीनं मला सकाळच्या गाडीत बसवलं. गुम्मिडिपूंडीला उतरलो, रिक्षा केली, कारखान्याच्या मागच्या भिंतीपर्यंत. पुढं पायी. एका बाजूला कारखान्याचा घुंऽऽ आवाज, दुसऱ्या बाजूला वेडी बाभूळ माजलेली. प्लास्टिकच्या पिशव्या काट्यांना लटकलेल्या. नात पुढं काठीनं काटे बाजूला करत, मी मागं.

"सावकाश आज्जी."

"तू पुढं बघ. तू पडशील."

ताडांची रांग दिसली तेव्हा मला दिशा लागली. मग नातीला म्हणलं, आता तू मागं ये. फाटकाचा एक खांब उभा होता, एक आडवा. आत रस्ता कसला राहिलेला न्हाई, पर पाय जात होते. पायांना ठाऊक असतं.

बंगल्यावर छत न्हाई. आत झाडं. जिथं धन्यांचा मोठा झोपाळा होता तिथं वारूळ. आक्का महिन्यातनं एकदा सगळ्या खोल्या उघडून झाडायची, मी तिच्या संगट जायची, अनवाणी, लाल फरशी अशी गार लागायची. आता फरशी उचकटलेली. आन् जिथं बघावं तिथं खड्डे. खोल्यांत खड्डे, ओसरीत खड्डे, खांबांच्या बुडाशी खड्डे. काही जुने, गवत आलेले. काही नवे. एकात कुंकू लावलेली लिंबं पडलेली.

"गुप्तधनवाले," नात म्हणली. "अमावस्येला येतात. कुठं कुठनं येतात. म्हातारीनं पुरलंय म्हणतात, तिला सापडलेलं म्हणतात, कुणी काय कुणी काय."

बंगला पावसानं पडतो, वाऱ्यानं पडतो, हे मला ठाऊक हाय. हा माणसांनी उकरून पाडलेला. मी विहिरीकडं गेले. विहिरीत एक झाड पडून वाळलेलं, बाटल्या तरंगत होत्या. डोण तशीच. फुटक्या कोपऱ्यावर हात ठेवला. गळू नये म्हणून आम्ही भरलेला चुना अजून आत चिकटलेला होता.

गोठा पलीकडं. गोठ्याच्या तीन भिंती अर्ध्या-मुर्ध्या उभ्या. मधली भिंत, आमच्या भट्टीची आन् तिच्या खाटेची, ती न्हाई. नुसता ढिगारा, आन् त्यातनं कडुलिंबाचं मोठं झाड वर आलेलं. ढिगारा सगळा तिच्या खोलीच्या अंगाला पडलेला. जिथं खाट होती तिथं.

मी तिथं उभी राहिले. नात वाकून काय तरी बघत होती. तिला सवय हाय, कुठं काय मोडलं की का मोडलं बघायची.

"आज्जी, हे बघ. बाकीचे खड्डे कसे आहेत? गोल, कसेपण. हा तसा न्हाई. हा सरळ आहे, भिंतीच्या कडेकडेनं, इथनं तिथपर्यंत. किती नीट खणलाय. पायाचे दगड उघडे पडले, पावसाचं पाणी आत गेलं, खालची माती वाहिली. भिंत बसणारच." तिनं हात झटकले. "गुप्तधन कोण असं भिंतीला धरून खणतं? कोण एवढा मूर्ख असेल?"

"मी," म्हणलं.

ती हसली. मग माझ्याकडं बघितलं आन् हसायची थांबली.

तिला मी तिथंच सांगितलं, ढिगाऱ्यावर बसून. हितं तुम्हाला सांगते.

निघायच्या आधी आठ दिवस आम्ही गोठा खणत होतो. कारभारी, गावाकडनं आलेले दोन गडी, आन् मी. पोटुशी होते तरी. कारभाऱ्यांनी दोरी धरून रेघ मारली, भिंतीपासनं दोन हात सोडून. म्हणले, याच्या पलीकडं न्हाई, भिंत जुनी हाय.

आन् मी म्हणले, "सोनं तिकडंच हाय."

कारण मला ठाऊक होतं. चार वर्षं रोज केरसुणी माझ्या हातात. झाडताना बारीक धूळ मधे राहात न्हाई, भिंतीच्या कडेला जाऊन बसते. पुरुष भट्टीपाशी खणतात, त्यांना वाटतं तिथं असंल. झाडणाऱ्या बाईला विचारावं. मला लई वाटलं तेव्हा, की बघा, यांना न्हाई कळत ते मला कळतं. मग कारभाऱ्यांनीच रेघ पुसली. मी स्वतः कुदळ घेतली न्हाई, मला वाकवत नव्हतं, पर खुरपं घेऊन बसले आन् पायाच्या दगडांच्या फटींमधली मातीसुद्धा उकरून काढली. बोटं घालून. आन् निघालं तिथंच, मी म्हणले होते तसं.

आक्का येऊन उभी राहिली. तिला सगळं ठाऊक होतं, आम्ही माती कशापायी नेतो ते. तिनं पदर खोचला आन् एक पाटी उचलली.

"आक्का, तुम्ही नका."

"एकट्या तुम्हीच मेहनती काय गे?" लॉरीपर्यंत तिनं चार-पाच पाट्या वाहिल्या. मग कमरेवर हात ठेवून गोठ्यात बघितलं, आन् म्हणली, "अस्कं झाडून नेताव! माझ्या पायाखालची तरी राहूं दे."

अस्कं म्हणजे तिच्या बोलीत सगळं. आम्ही सगळे हसलो.

भरायचं राहिलं. कारभारी म्हणले, तळ्यातनं दोन गाड्या मुरूम आणून भरू, मग जाऊ. लॉरी उभी होती. आभाळ भरलेलं. मला नळ दिसत होता, विजेचा दिवा दिसत होता. पोटातलं हे तरी नीट जन्माला यावं, असं झालेलं. मी म्हणले, "पुढच्या आठवड्यात येऊन भरा की. आक्का काय परकी हाय?"

परकी असती तर भरलं असतं. तेच हाय ते. परक्या धन्याच्या जागेत आम्ही कधी असं केलं न्हाई. आपल्या माणसाचं काम मागं ठेवलं.

निघताना तिनं विचारलं, "पोंगलला येतेस ना?" मी हो म्हणले.

नात ऐकत होती. पाण्याची बाटली उघडून माझ्या हातात दिली.

तेवढ्यात शेळ्या आल्या, आन् मागनं एक बाई. माझ्यापेक्षा थोडी लहान, साठीच्या पुढची, डोक्यावर ताडाच्या झावळ्या. आम्हाला बघून थांबली. पुढचं सगळं बोलणं तमिळमधे झालं.

"काय अम्मा, तुम्हीसुद्धा गुप्तधनाला?" ती म्हणली. "या वयात?"

"न्हाई. हितं एक बाई राहायची. तिची चौकशी करायला आले."

"उशीर केलासा की."

"हो."

तिनं झावळ्या खाली ठेवल्या. मी जे पन्नास वर्षं कुणाला विचारलं न्हाई ते तिला विचारलं. भिंत पडली तेव्हा ती खाटेवर होती काय?

"न्हाई न्हाई. आमच्या घरी आलेली, ताकाला. मी होते की घरी. धाडकन आवाज आला तो आमच्या गावापर्यंत. दिवसा पडली."

मी ढिगाऱ्यावरच बसून राहिले. नातीनं दंड धरला. त्याच पावली उठून घरी गेले असते तर बरं झालं असतं. पर मी विचारलं, मग पुढं?

पुढं असं झालं. धन्यांचा माणूस आला. त्यानं भिंत बघितली आन् भिंतीखालचं बघितलं. सरळ रेघेत खणलेलं, फटींमधनं माती काढलेली. म्हणला, म्हातारे, गुप्तधन शोधत होतीस? ती म्हणली, मी खणलं नाही. मग कुणी खणलं? त्यावर ती गप्प. हितं कोण येतं-जातं? गप्प. आम्ही राहिलो होतो हे धन्यांना ठाऊक नव्हतं, आन् ते सांगायचं म्हणजे विश्वासघात कबूल करायचा. न सांगितलं तर चोरी कबूल. त्यानं तिच्या कमरेच्या किल्ल्या काढून घेतल्या. लोकांच्या समोर.

"माझ्या आईनं आमच्या ओसरीत ठेवून घेतली तिला," ती बाई म्हणली. "सहा-सात वर्षं होती. पोरं मागं लागायची, गुप्तधन अम्मा, आम्हाला दे, आम्हाला दे. दगड मारायची. मीपण चिडवलंय, खोटं कशाला बोलू. ती एवढंच म्हणायची, मी खणलं नाही."

"कुणी खणलं ते बोलली कधी?"

"काय सांगू. शेवटी शेवटी तर आमच्याशी बोलेनाच. म्हणजे बोलायची, पर तमिळ न्हाई. दुसरंच कसलं तरी. रोज संध्याकाळी ओसरीच्या भिंतीला टेकून बसायची आन् घटकाभर बोलायची. मधेच हसायची. आई म्हणायची, देवाशी बोलते. आमच्यातल्या कुणालाच ते कळायचं न्हाई."

नातीची बोटं माझ्या दंडावर घट्ट झाली. तिला कळलं.

आक्कानं त्या मराठीत सगळं सांगितलं असंल, न्हाईतर मला शिव्या दिल्या असतील, न्हाईतर नुसतं तांदळाबद्दल, भाकरीबद्दल बोलली असंल. ते ऐकणारं माणूस साहुकारपेठेत होतं. बसनं दोन तासांवर.

मग मी त्या बाईला सगळं सांगितलं. तमिळमधे, नीट, जसं आक्कानं शिकवलेलं तसं. आमचा धंदा काय, गोठ्यात कोण राहायचं, भिंतीकडची माती कुणी काढायला लावली, खड्डा कुणी भरला न्हाई. म्हणलं, गावात सांग. ती चोर नव्हती. आम्ही खणलं.

ती दोन पावलं पुढं सरकली.

"केरात सोनं?"

"हो."

"पायाच्या धुळीत?"

"हो."

"आन् मिळालं?"

"मिळालं."

तिनं गोठ्याच्या जमिनीकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. परत जमिनीकडं. एक शेळी लिंबाचा पाला ओढत होती, तिला हाकललं.

"अजून असंल काय हो थोडं?"

"न्हाई," मी म्हणलं. "आम्ही सगळं नेलं. एक कण ठेवला न्हाई."

"तरीपण," ती म्हणली.

"आक्काचं सांग गावात. ती खणणारी नव्हती, ते."

"सांगते की. का न्हाई सांगणार." पर तिचे डोळे जमिनीवरच होते. नात म्हणली, "आज्जी, चल. ऊन झालं."

निघताना मी ओंजळभर माती ढिगाऱ्यावरनं उचलून त्या चरात टाकली. पन्नास वर्षांनी भराव घातला तो एवढा. नात आपण होऊन वाकली आन् तिनंपण टाकली. मग आणखी एकदा. मी म्हणले, पुरे, गाडी चुकंल.

घरी आल्यावर सवयीनं पाय टपात धुतले. धंदा बंद होऊन दहा वर्षं झाली, कारभारी जाऊन सात. तरी पाय टपातच धुते मी. त्या दिवशी पाणी तसंच ठेवलं न्हाई, मोरीत ओतलं. पहिल्यांदाच.

तीन आठवडे झाले असतील. नात कामावरनं आली, डबा ठेवला, पर चहाला बसेना.

"आज्जी, मी आज जेवणाच्या सुट्टीत तिकडं जाऊन आले."

"मग?"

"गोठ्यात नवे खड्डे आहेत. गोल न्हाईत. सगळ्या भिंतींच्या कडेकडेनं, सरळ. माती पोत्यांत भरून नेलीय. बंगल्याच्यासुद्धा भिंती धरल्यात आता."

माझं सांगणं गावानं ऐकलं होतं म्हणायचं. सोन्याचं तेवढं ऐकलं.

"आन् आक्काचं?" मी विचारलं.

नात नखानं टेबलावरचं काय तरी खरवडत बसली.

"ऑफिसातली पोरं म्हणतात, आता तिथं दोन म्हाताऱ्या दिसतात. एक खणते आन् एक पाट्या वाहते."

ती हसली न्हाई. मीपण न्हाई.

म्हणलं, "उद्या गेलीस की त्यांना सांग. नीट सांग, तुझ्या इंग्रजीत सांग, तमिळमधे सांग. खणणारी मी. ती पाट्या वाहायला आलेली."